चंद्रपर्व आणि स्थलनिर्णय : नगर जिल्ह्यांतील ग्रहणयुक्त कागदांचा विचार

जुन्या दानपत्रांत, वृत्तिपत्रांत व क्षेत्रोपाध्यायांच्या वह्यांत सोमग्रहणाच्या पर्वकाळीं उदक सोडून अमुक दिलें, अशा अर्थाचे शब्द पुष्कळदां येतात. कागद जमविणाऱ्यास हे शब्द दिसले कीं समाधान वाटतें; कारण शक, संवत्सर, मास व तिथि यांच्या जोडीला आकाशांतील एक साक्षी मिळाला असें तो समजतो. मग तो जंत्री उघडतो, त्या शकांतील ती पौर्णिमा काढतो, ग्रहणांच्या कोष्टकांत त्या दिवशीं ग्रहण आहे कीं नाहीं तें पाहतो, आणि असल्यास कागद खरा, नसल्यास खोटा, असा निकाल देऊन मोकळा होतो. ही रीत अर्धीच बरोबर आहे. चंद्रग्रहण झालें होतें काय, हा एक प्रश्न. आणि कागद ज्या गांवचा म्हणून सांगितला जातो त्या गांवच्या क्षितिजावर तें होतें काय, हा दुसरा. हा दुसरा प्रश्न न विचारणें म्हणजे साक्षीदार उभा करून त्याची उलटतपासणी न घेणें होय. ती कशी घ्यावी हें अहमदनगर (२०२४ पासून अहिल्यानगर) जिल्ह्याच्या भूमीवर उभें राहून येथें सांगण्याचें योजिलें आहे.

हा जिल्हा निवडण्यास कारण आहे. १४९० मध्यें अहमद निजामशहानें भिंगारजवळ शहर वसविल्यापासून येथें निजामशाही, मोंगलाई, निजाम, १७५९ पासून पेशवे, १७९७ पासून दौलतराव शिंदे व १८०३ पासून इंग्रज अशा राजवटी एकामागून एक झाल्या. त्यामुळें एकाच पंचक्रोशींत फारसी, मोडी, संस्कृत व इंग्रजी अशा चारहि प्रकारच्या लेखांशीं संशोधकाची गांठ पडते. शिवाय गोदावरीच्या कांठीं कोपरगांव, पुणतांबें, टोकें, आणि प्रवरेच्या कांठीं नेवासें, संगमनेर अशीं स्नानदानाचीं स्थानें येथें आहेत. पर्वकाळाचे कागद निघावयाचे तर अशाच ठिकाणीं निघावयाचे.

सूर्यग्रहण व चंद्रग्रहण यांत एक मूलभूत भेद आहे, तो प्रथम ध्यानांत घ्यावा. सूर्यग्रहणांत चंद्र आपल्या व सूर्याच्या मध्यें येतो. त्यामुळें पाहणारा जसा हालतो तसें ग्रहणहि बदलतें, व एका गांवीं खग्रास दिसणारें शंभर कोसांवर खंडग्रास होतें. चंद्रग्रहणांत पृथ्वीची छाया खुद्द चंद्रावर पडते. चंद्र काळवंडतो तो सर्वांकरितां, एकाच क्षणीं व सारखाच. काशींत असो कीं नगरास असो, स्पर्शाचा क्षण एकच. भिन्न असतें तें केवळ त्या त्या ठिकाणचें घटिकापात्र. म्हणून दोन गांवच्या लोकांनीं आपापल्या ठिकाणीं एकाच चंद्रग्रहणाची वेळ टिपून ठेविली, तर त्या दोन वेळांतील अंतर हेंच त्या दोन गांवांमधील पूर्वपश्चिम अंतर होय. तारायंत्र येण्यापूर्वीं पृथ्वीवरील स्थान ठरविण्याचें याहून सोपें साधन नव्हतें.

आपल्या ज्योतिषांस हें चांगलें ठाऊक होतें. सूर्यसिद्धांताच्या पहिल्याच अध्यायांत असें सांगितलें आहे कीं, गणितानें आलेल्या वेळेनंतर चंद्राचें उन्मीलन दिसल्यास पाहणारा मध्यरेषेच्या पूर्वेस आहे असें समजावें, व आधीं दिसल्यास पश्चिमेस. ही मध्यरेषा लंका, उज्जयिनी व कुरुक्षेत्र यांवरून जाणारी मानली आहे. या सूर्यसिद्धांताचें इंग्रजी भाषांतर करून १८६१ मध्यें कलकत्त्यास प्रसिद्ध करणारे काशीचे पंडित बापूदेवशास्त्री यांचें मूळ गांव गोदावरी व प्रवरा यांच्या संगमावरील, म्हणजे याच जिल्ह्यांतील, टोकें. त्यांचा जन्म १८२१ चा. पुढें काशीच्या संस्कृत पाठशाळेंत त्यांनीं जन्म घालविला, आणि जुन्या करणग्रंथांवर विसंबून न राहतां पाश्चात्त्य नाविक पंचांगाच्या आधारें ग्रहगणित करून पंचांग प्रसिद्ध केलें. त्यांच्या ग्रहणगणिताचा काश्मीरच्या दरबारानें गौरव केल्याचें त्यांच्या चरित्रांत सांगतात. ग्रहणस्नानाकरितां लोक ज्या संगमावर जमतात, तेथल्याच घराण्यांतील पुरुषानें ग्रहणावरून स्थल कसें काढावें तो श्लोक इंग्रजींत आणावा, हा योग आम्हांस मोठा गोड वाटतो.

आतां नगर त्या मध्यरेषेपासून किती दूर आहे तें पाहूं. उज्जयिनीचे रेखांश सुमारें ७५ अंश ४६ कला. नगर शहराचे सुमारें ७४ अंश ४४ कला. म्हणजे नगर रेषेच्या पश्चिमेस एक अंश व किंचित् अधिक. एका अंशास चार मिनिटें, व एक पळ म्हणजे २४ सेकंद. तेव्हां नगरचें देशांतर सुमारें १० पळें ऋण. बीड शहर तर जवळजवळ या रेषेवरच आहे, आणि रेषा जिल्ह्याच्या पूर्व सीमेला चाटून जाते असें म्हटलें तरी चालेल. टोकें रेषेच्या पाऊण अंश पश्चिमेस, म्हणून तेथें साडेसात पळें. जिल्ह्याच्या आंतच अकोल्यापासून जामखेडपर्यंत सव्वा अंशाहून थोडें अधिक अंतर भरतें; त्याचीं १३ पळें होतात. तात्पर्य, नगरच्या जोशाला उज्जयिनीच्या गणितांत फारशी दुरुस्ती करावी लागत नसे, व कित्येकदां तो ती करीतहि नसेल. कागदांतील घटींत पांच-दहा पळांचा फरक निघाला तर त्यावरून कांहींच सिद्ध होत नाहीं. शके १४४२ मध्यें नांदगांवच्या गणेश दैवज्ञानें रचलेला ग्रहलाघव हाच या प्रांतांत पुढें पंचांगाचा मुख्य आधार झाला. अकरा वर्षांचें म्हणजे ४०१६ दिवसांचें चक्र धरून व ज्याचापांची खटपट टाळून त्यानें गणित इतकें सुटसुटीत केलें कीं, खेड्यांतील जोशीहि पाटीवर ग्रहण काढूं शके. परंतु करणग्रंथ जसजसा जुना होतो तसतसा त्याचा आकाशाशीं मेळ सुटत जातो. म्हणून उत्तरकालीन कागदांतील घटी-पळांस आजच्या गणिताच्या कांट्यावर तोलूं नये.

घटींचा मेळ न बसला तरी क्षम्य. क्षितिजाचा मेळ बसलाच पाहिजे. याचें एक ताजें उदाहरण घेऊं. ३ मार्च २०२६ रोजीं, मंगळवारीं, फाल्गुनी पौर्णिमेस खग्रास चंद्रग्रहणाचा योग. भारतीय प्रमाणवेळेनें स्पर्श दुपारीं ३ वाजून २० मिनिटांनीं, खग्रास स्थिति ४-३४ पासून ५-३३ पर्यंत, मोक्ष सायंकाळीं ६-४७ च्या सुमारास. म्हणजे ग्रहणाचा मुख्य भाग भारतांत दिवसाढवळ्या, चंद्र क्षितिजाखालीं असतांना. आतां चंद्रोदय पहा. नागपुरास तो ६-२० च्या सुमारास होतो. तेथें सुमारें २७ मिनिटें ग्रस्त चंद्र क्षितिजावर. नगरास चंद्रोदय ६-३८ च्या सुमारास. हातीं उरलीं नऊ-दहा मिनिटें. मुंबईस तो त्याहून सातआठ मिनिटें उशिरां. तेथें दोनच मिनिटें, आणि तींहि संधिप्रकाशांत व क्षितिजावरील धुरळ्यांत. ग्रहण एक, परंतु नागपुरचा मनुष्य तें पाहिलें म्हणेल, मुंबईचा पाहिलें नाहीं म्हणेल, आणि नगरचा दोघांच्या मध्यें सांपडेल. शेंदोनशें वर्षांनीं एखाद्या संशोधकाच्या हातीं या ग्रहणाचे दोन टिपण-कागद आले व त्यांवर गांवाचें नांव नसलें, तर एकांत ‘ग्रस्तोदित, घटिकाभर दिसलें’ आणि दुसऱ्यांत ‘उदयीं किंचित् ग्रस्त’ एवढ्या शब्दांवरून कोणता विदर्भांतला व कोणता देशावरचा हें त्यास सांगतां येईल. ग्रस्तोदित किंवा ग्रस्तास्त ग्रहणाचा उल्लेख हा सर्वांत किंमती उल्लेख आहे. मध्यरात्रींचें ग्रहण साऱ्या हिंदुस्थानाला सारखेंच, तें फक्त दिवस सांगतें. उदयास्ताशीं लागलेलें ग्रहण दिवसाबरोबर गांवहि सांगतें.

येथें धर्मशास्त्राचें एक अंग येतें, तें इतिहासकाराला टाळतां येत नाहीं. शके १७१२ मध्यें पंढरपूरच्या काशीनाथ उपाध्यायांनीं धर्मसिंधु रचला. त्यांत व तत्पूर्वींच्या निबंधांत ग्रहणाचें पुण्य दर्शनाशीं जोडलेलें आहे. चंद्र क्षितिजाखालीं असतां होणाऱ्या ग्रहणाचें स्नान नाहीं, दान नाहीं, वेध नाहीं. ग्रस्तोदित असल्यास उदयापासून मोक्षापर्यंतच पुण्यकाळ. परंतु आभाळ आलें असल्यास मात्र शास्त्रावरून स्पर्श-मोक्ष जाणून स्नानादि करावें, अशी मुभा आहे. या भेदाचा आमच्या कामीं उपयोग असा : कागदांत ग्रहणाचा उल्लेख आहे म्हणून लिहिणाऱ्यानें तें डोळ्यांनीं पाहिलें असें ठरत नाहीं, श्रावण-भाद्रपदांतील ढगांत तें गणितानेंच मानलें गेलें असेल. पण तें त्या गांवच्या क्षितिजाखालीं असेल तर त्या निमित्तानें उदक सोडलें जाण्याचा संभव नाहीं. ढग साक्षीला खोटें पाडीत नाहीत, क्षितिज पाडतें.

याचप्रमाणें हल्लींच्या याद्यांत छायाकल्प चंद्रग्रहणें दिलेलीं असतात, म्हणजे ज्यांत चंद्र पृथ्वीच्या विरळ छायेंतूनच जातो तीं. तीं जुन्या कागदांकरितां मुळींच जमेस धरूं नयेत. विरळ छायेंत चंद्र किंचित् मळका होतो एवढेंच. आपल्या पंचांगांनीं त्यांस कधीं ग्रहण म्हटलें नाहीं. भास्कराचार्यांनीं तर चंद्राचा सोळावा हिस्सा ग्रासला गेला तरी तो दिसण्याजोगा नसतो असें सांगितलें आहे. उलट कागदांत चंद्राचा वर्ण नोंदला असेल तर त्यावरून ग्रासाचें मान कळतें : सूर्यसिद्धांताप्रमाणें अर्ध्याहून कमी ग्रासांत धूम्र, अर्ध्यास कृष्ण, त्याहून अधिकास कृष्णताम्र व सर्वग्रासांत कपिल वर्ण. लिहिणारा हे शब्द पोथींतून उतरून घेई, कीं वर पाहून लिही, याचा विचार मात्र त्या त्या कागदापुरता करावा लागेल.

आतां वाराचा व तारखेचा गुंता. आमच्या अनुभवाप्रमाणें सर्वांत अधिक चुका येथें होतात. ७ सप्टेंबर २०२५ च्या भाद्रपदी पौर्णिमेचें ग्रहण घेऊं. तें सबंध आपल्याकडे क्षितिजावर होतें. प्रमाणवेळेनें स्पर्श रात्रीं ९-५७, मध्य ११-४२, मोक्ष १-२६. नगरचा सूर्योदय त्या दिवशीं सुमारें ६-१७. तेव्हां सूर्योदयापासून स्पर्श ३९ घटींवर, मध्य साडेत्रेचाळीस घटींवर व मोक्ष अठ्ठेचाळीस घटींस थोडा कमी. पौर्णिमान्त व ग्रहणमध्य हे जवळजवळ एकच असल्यामुळें मोक्ष प्रतिपदेंत पडला. आणि दान तर सुटत्या चंद्रावर करण्याचा प्रघात. तेव्हां दानपत्रांत वद्य प्रतिपदेचा उल्लेख आढळल्यास दचकूं नये. स्पर्श झाला तो रविवार. मोक्षहि आपल्या रीतीनें रविवारींच, कारण आपला वार सूर्योदयापासून सूर्योदयापर्यंत. इंग्रजी रीतीनें मध्यरात्र उलटल्यावर मोक्ष सोमवारीं, ८ तारखेस. मुसलमानी रीतीनें तर सूर्यास्तालाच दिवस बदलतो : तेथें रविवारीं सायंकाळीं सोमवारची रात्र लागली व दिवसा १४ रबिलावल असलेली तारीख १५ झाली. एकच ग्रहण, आणि तीन कारकुनांनीं तीन ठिकाणीं लिहिलें तर वार दोन व तारखा निराळ्या. सोमवारीं चंद्रग्रहण आलें तर त्यास चूडामणि म्हणतात व त्याचें पुण्य अधिक. म्हणून ‘चूडामणि पर्व’ हे शब्द कागदांत दिसले तर वार आपोआप हातीं येतो. पण वरील ग्रहणास फारसी रोजनिशींत सोमवार दिसला म्हणून कोणी चूडामणि म्हणेल तर तो फसेल.

मोडी पत्रांच्या शेवटीं ‘छ’ घालून जो मुसलमानी चंद्र दिलेला असतो, तो येथें चांगला पहारेकरी आहे. चंद्रग्रहण पौर्णिमेसच व्हावयाचें, तेव्हां त्या रात्रींचा ‘छ’ १३, १४ किंवा १५ यांवेगळा असूं शकत नाहीं. ‘छ २६’ च्या पत्रांत ‘आज रात्रीं ग्रहण’ असें असेल तर वाचणाऱ्यानें आंकडा चुकीचा वाचला आहे किंवा लिहिणाऱ्यानें चुकीचा लिहिला आहे. मात्र ‘ग्रहणीं जें दिलें त्याचें पत्र’ असें असेल तर त्यांत कांहींच विसंगति नाहीं. उदक आधीं सोडलें जातें, कागद सवडीनें होतो. सुहूर सनाला ५९९ किंवा ६०० मिळवून इसवी सन येतो, व हा सन मृगाला बदलतो, हेंहि वैशाख-ज्येष्ठांतल्या ग्रहणाच्या वेळीं विसरूं नये. तेथें एका वर्षाची चूक झाली कीं ग्रहण हरवलेंच.

इंग्रजी अमदानींतील टिपणांत आणखी एक फांस आहे, तो घड्याळाचा. दौंड-मनमाड लोहमार्ग १८७८ मध्यें सुरू झाला. त्या काळीं रेल्वे मद्रासच्या वेळेनें चाले, गांव आपल्या सूर्यानें. १ जानेवारी १९०६ पासून हल्लींची प्रमाणवेळ आली, ती नगरच्या स्थानिक वेळेपुढें ३१ मिनिटें. मुंबई शहरानें तर आपली निराळी वेळ १९५५ पर्यंत सोडली नाहीं. आणि दुसऱ्या महायुद्धांत १ सप्टेंबर १९४२ पासून १५ आक्टोबर १९४५ पर्यंत साऱ्या देशाचीं घड्याळें आणखी एक तास पुढें होतीं. १५ आगस्ट १९४३ रोजीं, रविवारीं, शके १८६५ च्या श्रावणी पौर्णिमेस, चंद्राचा सुमारें ८७ शतांश व्यास ग्रासणारें खंडग्रास ग्रहण झालें. त्याचा मध्य हल्लींच्या प्रमाणवेळेनें रात्रीं १२-५८. नगरच्या सूर्यानें १२-२७. पण त्या रात्रीं किल्ल्यांतील घड्याळांत १-५८ वाजले असले पाहिजेत. दीड तासाचा फरक, आणि तीन्ही वेळा खऱ्या. चंद्र तेव्हां दक्षिणेकडे बराच उंच होता, म्हणजे तटबंदीचा अडथळा नव्हता.

त्या काळीं नगरच्या किल्ल्यांत मौलाना अबुल कलाम आझाद, वल्लभभाई पटेल, जवाहरलाल नेहरू, आचार्य नरेंद्र देव, शंकरराव देव प्रभृति राजबंदी होते. नेहरूंनीं तेथेंच १९४४ मध्यें आपला भारतशोधाचा ग्रंथ लिहिला, व त्याच्या आरंभीं एक चंद्र आहे. आम्ही येथें आलों तेव्हां मावळत्या उजेडांत नव्या चंद्राची कोर स्वागतास होती व शुक्लपक्ष लागला होता, असा त्या वाक्यांचा आशय. आतां गणित पाहूं. मंडळी मुंबईस ९ आगस्ट १९४२ च्या पहाटे पकडली गेली व त्याच दिवशीं नगरास आणली गेली. अमावास्या होती १२ आगस्टला. त्या दिवशीं पृथ्वीच्या पाठीवर अन्यत्र खंडग्रास सूर्यग्रहणहि झालें. म्हणजे ९ तारखेस वद्यपक्षाचा शेवट होता, कोर पहाटेची होती, आणि सायंकाळची पहिली कोर १३ तारखेपूर्वीं दिसणें शक्य नव्हतें. मग काय, हा लेख बनावट? अर्थात् नाहीं. वीस महिन्यांनीं लिहितांना पहिल्या आठवड्यांतील एक संध्याकाळ येण्याच्या दिवसाशीं जोडली गेली, इतकेंच. असल्या चंद्रावरून कोणी तो ग्रंथ खोटा ठरवील तर आपण हसूं. परंतु याच प्रकारच्या चार दिवसांच्या फरकावरून आपण एखाद्या कुळकर्ण्याचा कागद बाजूस टाकतों, तेव्हां कोणी हसत नाहीं.

जिल्ह्याच्या भूमीचा विचार केल्यावांचून क्षितिजाची गोष्ट पुरी होत नाहीं. गोदाकांठीं टोकें किंवा पुणतांबें येथें मैदान मोकळें. गणितांतील चंद्रास्त व डोळ्यांचा चंद्रास्त यांत फरक थोडा. पश्चिमेस अकोलें तालुक्यांत मात्र कळसूबाई (१६४६ मीटर), हरिश्चंद्रगड, रतनगड यांची भिंत उभी आहे. डोंगराचा माथा गांवापेक्षां ६०० मीटर उंच व १० किलोमीटर पश्चिमेस असेल तर तेथें क्षितिज सुमारें साडेतीन अंश वर उचललें जातें, आणि चंद्र पंधरा-एक मिनिटें, म्हणजे अर्ध्या घटिकेहून थोडा अधिक वेळ, आधींच डोंगराआड होतो. उलट शिखरावर उभा राहणारा मैदानाच्या क्षितिजाखालीं वांकून पाहतो; त्यास सुमारें चार मिनिटें अधिक मिळतात. पहाटेच्या ग्रस्तास्त ग्रहणांत एवढा फरक निर्णायक ठरूं शकतो. मात्र शास्त्री लोक गणितागत अस्तच धरीत, डोंगर धरीत नसत. म्हणून दानपत्र तपासतांना मैदानी क्षितिज घ्यावें, आणि ‘आम्हीं पाहिलें’ असें म्हणणारी रोजनिशी तपासतांना खरें क्षितिज. हें काम कोष्टकानें होत नाहीं. त्या गांवीं जाऊन पश्चिमेकडे तोंड करून उभें राहावें लागतें.

एवढी खटपट कशाकरितां, असें कोणी विचारील. त्यास एक हिशेब दाखवितों. ओपोल्झरच्या १८८७ च्या कोशांत सुमारें ३३७० वर्षांचीं ५२०० चंद्रग्रहणें आहेत. म्हणजे वर्षाला सरासरी दीड. वर्षांत पौर्णिमा बारातेरा. तेव्हां खोटा कागद करणाऱ्यानें पंचांग न पाहतां ठोकून दिलेल्या पौर्णिमेस कोठें ना कोठें ग्रहण निघण्याचा संभव आठांत एक. पण तें त्याच गांवीं क्षितिजावर असण्याचा संभव घेतला तर तो तेराचौदांत एकावर येतो. नुसत्या ग्रहणांच्या यादीवर भिस्त ठेवणारा संशोधक फसविणाऱ्यास जवळजवळ दुप्पट सवलत देतो. आणि फसविण्यास कारणें होतीं. १८५२ च्या अकराव्या कायद्यानें इनाम कमिशनला अधिकार मिळाले, तेव्हां पिढ्यान् पिढ्या वहिवाटीवर चाललेल्या जमिनींकरितां एकाएकीं कागद दाखविण्याची पाळी आली. ज्यांचे कागद खरोखर होते पण कसरीनें खाल्ले होते, अशांनींहि नवे करून घेतले असतील. म्हणजे कागद बनावट, हक्क मात्र खरा. पर्वकाळाचा उल्लेख अशा ठिकाणीं पावित्र्याकरितां घातला जाणें अगदीं स्वाभाविक.

समजा, प्रवरेच्या कांठच्या एखाद्या दप्तरांत शुद्ध पौर्णिमा, सोमवार, चंद्रपर्व असा कागद मिळाला. जंत्रीवरून त्या पौर्णिमेस सोमवार येतो. ग्रहणहि त्या दिवशीं आहे, पण त्याचा मध्य नगरच्या दुपारीं एक वाजतां. मोक्ष कितीहि उशिरां धरला तरी मध्यापासून दोन तासांच्या आंतच यावयाचा. चंद्र तर सूर्यास्ताला उगवणार. नुसती यादी पाहणारा येथें ‘ग्रहण जुळलें’ म्हणून शिक्का मारील. आम्ही म्हणूं कीं, लिहिणाऱ्यापाशीं पंचांग नव्हतें, वार-तिथि त्यानें मागाहून मोजून काढली, व ग्रहण योगायोगानें लागलें. किंवा दान दुसऱ्या एखाद्या पूर्वेकडील क्षेत्रीं झालें व कागद येथें ठेविला गेला. पण पूर्वेकडेहि हिंदुस्थानच्या टोंकापर्यंत गेलें तरी दीड तासापलीकडे फरक पडत नाहीं. म्हणून दुसरा तर्कहि टिकत नाहीं. याउलट पंचांगांतील मोक्ष उदयाच्या अर्धी घटिका आधीं निघाला असतां, तर आम्ही कागद मुळींच टाकला नसता. जुन्या करणग्रंथानें तो उदयानंतर आणला असेल, आणि जोशानें आपल्या पोथीप्रमाणें स्नान सांगितलें असेल. निकाल देतांना चूक किती मोठी आहे हें पाहावें. चूक आहे एवढेंच पाहूं नये.

साधनांची आज वाण नाहीं. शंकर बाळकृष्ण दीक्षितांचें ‘भारतीय ज्योतिःशास्त्र’, सेवेल व दीक्षित यांचें १८९६ चें कालगणनेचें पुस्तक, सेवेलचीं १८९८ चीं भारतांतील चंद्रग्रहणांचीं कोष्टकें, मोडक, खरे व स्वामिकन्नू पिल्ले यांच्या जंत्र्या कोणत्याहि बऱ्या ग्रंथालयांत मिळतात, आणि हल्लीं यंत्रगणितानें हजारों वर्षांचीं ग्रहणें मिनिटापर्यंत काढतां येतात. पण कोष्टकांत वेळ ग्रीनिचची असते. नगरची स्थानिक वेळ करावयाची तर तींत ४ तास ५९ मिनिटें मिळवावीं, हल्लींच्या घड्याळाचे साडेपांच तास मिळवूं नयेत. मग त्या दिवसाचा सूर्योदय वजा करून बाकीच्या तासांस अडीचनें गुणावें म्हणजे घटी येतात.

कागद उतरून घेणारांस एकच विनंति. ग्रहणाचा शब्द जसाच्या तसा उतरावा. ‘सोमग्रहण’, ‘चंद्रपर्व’, ‘ग्रस्तोदित’, ‘चूडामणि’ या सर्वांना मिळून ‘चंद्रग्रहणप्रसंगीं’ असा गोळाबेरीज सारांश देण्याची वहिवाट आहे, ती मोडली पाहिजे. त्यांत गांव सांगणारा शब्द नेमका गळून जातो. पाठीवरचा शेरा, ‘छ’ चा आंकडा, वार, घटी असल्यास घटी, आणि कागद कोणत्या गांवच्या कोणाच्या दप्तरांत सांपडला तें गांव, इतकें बरोबर असूं द्यावें. टोकें, प्रवरासंगम व पुणतांबें येथील क्षेत्रोपाध्यायांच्या वह्यांतून अशा नोंदी कोणी या रीतीनें उतरून पाठविल्यास त्यांतील प्रत्येक ग्रहणाचें स्थानिक गणित करून देण्यास प्रस्तुत लेखक तयार आहे.